मादोन्नाच्या मागची पेटी

टॅनर्स रोडवरची माणसं बोलता बोलता मध्येच थांबतात. नव्या माणसाला वाटतं, विचार करताहेत. विचार कसला, ट्रक जाऊ देताहेत! बंदरातून कंटेनर घेऊन आलेला ट्रक सिग्नलला उभा राहिला की सुटताना आधी लांब सुस्कारा टाकतो, मग ढेकर देतो, मग घशातला कफ काढावा तसा खाकरत, खडखडत पुढे जातो. तेवढा वेळ वाक्य तोंडात धरून ठेवायचं आणि तो गेला की सोडायचं. चेत्ता ग्रिश्टीच्या हे इतकं अंगात मुरलं होतं, की बॅकस मार्शला लेकीच्या शांत घरी गेली तरी ती निम्म्या वाक्यात गप्प व्हायची. लेक रोमिना म्हणायची, "मा, इथे कुणी जात नाहीये. बोल पुढे."

चेत्ता सत्तरी ओलांडलेली, ठेंगणी, कमरेला कायम एप्रन बांधलेली. नवरा वेंझू तिच्याहून थोडा मोठा. लग्न झालं त्या वर्षी दोघं माल्टाहून जहाजाने पृथ्वीच्या या खालच्या अंगाला आली, जिथे जुलैत हिवाळा असतो आणि नोव्हेंबरात उन्हाळा लागतो. वेंझू लोकरीच्या गोदामात लागला, चेत्ता बूट शिवायच्या कारखान्यात. यारव्हिल या बंदरालगतच्या वस्तीतलं हे लाकडी घर घेतलं तेव्हा टॅनर्स रोडवर दूधवाल्याची गाडी हीच काय ती मोठी गाडी. मग बंदर वाढलं, ट्रक वाढले, घर होतं तिथेच राहिलं. पुढच्या खिडक्या चेत्ताने कधीच्याच बंद केल्या होत्या. त्यातली एक तर वेंझूने रंग देताना चौकटीसकट रंगवून टाकली होती, ती आता पहार लावली तरी उघडली नसती.

तरी काजळी आत यायचीच. लग्नाच्या फोटोच्या काचेवर, दुधाच्या भांड्याच्या झाकणावर, धुऊन पालथ्या घातलेल्या कपांच्या बुडावर. चेत्ता सकाळी ओलं फडकं घेऊन निघे, फडकं काळं होई, ते धुवी, पुन्हा निघे. वेंझू खुर्चीतून म्हणे, "पुसून पुसून भिंत पातळ करशील एक दिवस. मग ट्रक थेट माझ्या मांडीवर."

वेंझूच्या खोकल्याला रीतसर सुरुवात असे, मध्य असे आणि शेवटी एक अस्सल माल्टीज शिवी असे. गल्लीतल्या पोरांना ती शिवी पाठ होती. पण यंदा हिवाळा लागला आणि शिवी यायची बंद झाली. खोकला संपेपर्यंत तेवढा श्वासच शिल्लक राहत नसे. तेव्हा मात्र चेत्ता घाबरली. तिने त्याला कोट चढवून डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर म्हणाला, "पंप देतो. पण पंपातलं औषध आत जाणार आणि त्याच्या मागोमाग तुमचा रस्ता आत जाणार. त्यांना तिथून हलवा, मिसेस ग्रिश्टी. बोलण्यापुरतं नाही सांगत, खरंच हलवा."

हलवायचं म्हणजे घर विकायचं. दुसरं काही त्यांच्यापाशी नव्हतंच. घर विकून रोमिनाच्या जवळपास दोन खोल्या घ्यायच्या, एवढा साधा बेत होता. आडवी आली ती पेटी.

पेटी ग्लेनिस पाइकने आणली होती. ग्लेनिस समोरच्या रांगेतली निवृत्त मुख्याध्यापिका आणि रस्त्यावरच्या ट्रकविरोधी मंडळाची सर्वेसर्वा. ती एका माणसाशी बोलत असली तरी सभा भरल्यासारखी वाटायची. आदल्या नोव्हेंबरात ती जॅमचे केक घेऊन आली आणि उभ्यानेच सुरू झाली.

"मुद्दा पहिला, चेत्ता. आपण ओरडतो, सरकार म्हणतं पुरावा आणा. मुद्दा दुसरा. आपण पुरावा म्हणून खोकून दाखवतो, सरकार म्हणतं खोकला हा आकडा नाही. मुद्दा तिसरा. म्हणून युनिव्हर्सिटीची माणसं सहा घरांवर पेट्या लावताहेत. हवेतली काजळी मोजणार, वर्षभर, अखंड. आकडा वाईट आला तर ट्रक दुसरीकडून वळवावे लागतील, तसं त्यांनी लिहून दिलंय. आणि तुझा व्हरांडा बरोब्बर सिग्नलच्या तोंडावर! तुझ्यासारखं घर मला दुसरं मिळायचं नाही."

चेत्ताच्या घराचं असं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं. ती हो म्हणाली.

पेटी लावायला हेमिश आला. उंच, लाजरा, प्रत्येक वाक्याची माफी मागत बोलणारा. ब्रेडच्या डब्याएवढी राखी पेटी, खाली बोटभर नळी सोंडेसारखी लोंबणारी, आतून मधमाशीसारखी सतत गुणगुण. "म्हणजे… ती श्वास घेते, असं समजा ना. आत पांढरी पट्टी असते. हवा आत ओढली की काजळी पट्टीवर बसते. पट्टी किती काळी झाली, ते मशीन बघतं. सॉरी, नीट नाही सांगता येत मला."

"समजलं. माझं फडकंच आहे, विजेवर चालणारं," चेत्ता म्हणाली.

"हो! म्हणजे, तसंच. फक्त वर्ष तुटायला नको. आणि खाली सिगारेट नको, कोळशावर मांस भाजायला नको. एवढंच. सॉरी."

वेंझू दारात उभा राहून पाहत होता. "माझा श्वास पुरेना, आणि या डबड्याला ओढायला माझीच वीज," तो म्हणाला आणि आत जाऊन खोकला.

हे झालं आदल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी. आणि आता हिवाळ्यात घर विकायची गोष्ट निघाल्यावर दलाल आला, लॉकलन. टोकदार बूट, घट्ट सूट, दात सगळे बाहेर. तो प्रत्येक वाक्याला परवानगी मागायचा, पण मिळेपर्यंत थांबायचा नाही.

"खरं सांगू का, चेत्ता? लव्हली. खरं सांगू का? या घराला आत्मा आहे. खरं सांगू का…"

ट्रक आला. चेत्ता आणि वेंझू थांबले. लॉकलनला थांबायचं ठाऊक नव्हतं, तो बोलतच राहिला. तोंड हलत होतं, दात चमकत होते, हात छताकडे, फरशीकडे, परसाकडे जात होते. ट्रक गेला तेव्हा तो "…म्हणून लोक वेडे होतील!" इथवर पोचला होता.

"ट्रकचं काय?" वेंझूने विचारलं.

"कुठला ट्रक?" लॉकलन डोळा मारून म्हणाला. "खरं सांगू का? शनिवारी दुपारी एकला ट्रकबंदी लागते, ती थेट सोमवारी सकाळी सहापर्यंत. बरोबर? मग घर बघायला लोक येतील रविवारी. आणि लिलाव सप्टेंबरात, शनिवारी दोन वाजता. रस्ता असा शांत, की चर्चच्या पायरीवर उभं राहिल्यासारखं वाटेल."

मग त्याची नजर व्हरांड्यातल्या पेटीवर गेली. "हे काय? कशाचं मीटर?"

चेत्ताने सांगितलं. लॉकलनचे दात एक एक करून आत गेले.

"आणि वर्ष भरल्यावर काय करतात?"

"नकाशा छापणार म्हणे. जिथे काजळी फार, तिथे लाल ठिपका."

"खरं सांगू का? लाल ठिपका बसला की हे घर मी माझ्या सासूला सुद्धा विकू शकणार नाही, आणि तिला मी काहीही विकू शकतो. नकाशा यायच्या आत विकायचं. आणि ही पेटी आजच काढायची."

चेत्ता एप्रन न सोडताच रस्ता ओलांडून ग्लेनिसकडे गेली. डॉक्टर काय म्हणाला ते सांगितलं, वेंझूचं सांगितलं. ग्लेनिसने सगळं शांतपणे ऐकलं.

"मुद्दा पहिला," ती म्हणाली, पण नेहमीच्या आवाजात नाही. "सिग्नलचं तोंड तुझ्याकडे आहे. तेच गेलं तर उरलेल्या पाच घरांचं कोण ऐकणार? मुद्दा दुसरा. नोव्हेंबरात वर्ष भरतंय, चेत्ता. तोंडाशी आलंय." तिसरा मुद्दा ती बोललीच नाही. तिच्या नातवाचा निळा पंप टेबलावर पडला होता, तो तिने उचलून ड्रॉवरमध्ये टाकला.

चेत्ता घरी परतली ती पुरती कात्रीत सापडून. पेटी काढावी तर अख्खा रस्ता तोंडघशी पडतो. ठेवावी तर वेंझू इथेच राहतो. नोव्हेंबरपर्यंत थांबावं तर लाल ठिपका. आणि हे सगळं तिने स्वतःच, दोन जॅमचे केक खाऊन, हो म्हणून ओढवून घेतलेलं. रात्रभर ती कूस बदलत राहिली. शेजारी वेंझू बसूनच झोपला होता, आडवं झालं की त्याचा श्वास अडे.

तोड वेंझूनेच काढली. सकाळी पेटीकडे बघत तो म्हणाला, "काढायची नाही ना? आणि दिसायलाही नको ना? मग हिच्यापुढे कुणालातरी उभं करू. लोक जिच्या तोंडाकडे बघतात, पाठीमागे नाही, अशी कोण?"

गावी, माल्टात, दाराशेजारी भिंतीत कोनाडा असतो आणि कोनाड्यात मादोन्ना, कुमारी मातेची मूर्ती. चेत्ता कितीतरी वर्षं असा कोनाडा मागत होती आणि वेंझू कितीतरी वर्षं उद्या म्हणत होता. आता तो शेडमध्ये बसला. चार खिळे मारायचे की टेकायचं, चार मारायचे की टेकायचं. प्लायवूडचा कोनाडा झाला, वर शिंपल्यासारखी कमान, आतून आकाशी रंग, मागे पेटी बसेल एवढी जागा. पेटीचा जीव गुदमरू नये म्हणून त्याने बाजूंना भोकंसुद्धा पाडली आणि जाळी ठोकली. कार्मेलच्या मादोन्नाच्या सणाला, जुलैच्या मध्यात, चेत्ताने कपाटातली मूर्ती काढून त्यात ठेवली. पेटीची सोंड बरोबर तिच्या पाठीमागे.

"लव्हली!" लॉकलन म्हणाला. "खरं सांगू का? हल्लीच्या तरुण लोकांना असलं जुनं फार आवडतं."

कोनाडा आला तशी मेणबत्तीही आली. लाल काचेच्या पेल्यातली, जाडजूड. दिवसा लावून उपयोग नव्हता, ट्रक गेला की त्याच्या वाऱ्याने ज्योत विझायची. म्हणून चेत्ता आठ वाजायची वाट बघे. आठला रोजची ट्रकबंदी लागली, शेवटचा ट्रक खाकरत गेला, की ती शाल गुंडाळून बाहेर यायची आणि मेणबत्ती लावून मादोन्नाशी व्यवहाराचं बोलायची.

"बाई, तुला घर बांधून दिलं. आता आमचं कुणाच्या तरी गळ्यात घाल. दर रविवारी लोक येतात आणि स्वयंपाकघर लहान म्हणून जातात. लहान तर लहान, त्यांना काय इथे गाई बांधायच्यात?"

मादोन्नाने ऐकलं असावं. ऑगस्टच्या अखेरीस तिआर्ना नावाची पोरगी आली, नवऱ्याला घेऊन. पोट चांगलं पुढे आलेलं. तिला स्वयंपाकघर लहान वाटलं नाही. कोनाड्यापाशी ती थांबली, म्हणाली, "किती छान! आणि किती शांत आहे हो इथे. आम्ही आता राहतो तिथे वरच्या मजल्यावर ड्रम वाजतात." पुढच्या रविवारी ती पुन्हा आली, या वेळी भिंतीला लावायची मापाची फीत घेऊन. पाळणा कुठे बसेल ते बघत होती. पुढच्याच खोलीत, त्या रंगवून टाकलेल्या खिडकीखाली. चेत्ता तिला बसेल म्हणाली. बसणारच होता.

लिलावाच्या आदल्या बुधवारी ग्लेनिस फाटक न लावता धावत आली. हातात फोन, चष्मा कपाळावर.

"मुद्दा पहिला! हा बघ! रोज रात्री, आठनंतर, ट्रकबंदीत! डोंगर! दिवसापेक्षा तिप्पट काजळी, आणि फक्त तुझ्या घरी!" फोनवरच्या रेघेला खरोखरच रोज एक सुळका आला होता. "म्हणजे काय? म्हणजे चोरून जाताहेत!"

"मला तर एकही ऐकू आला नाही," वेंझू म्हणाला.

"तेच तर म्हणतेय! चोरून! इंजिन दाबून, हळू… हळू…" ग्लेनिस चवड्यांवर चालून दाखवू लागली, चाळीस टनांचा ट्रक कसा चवड्यांवर जात असेल तसा. वेंझूला हसू आलं आणि हसण्याचा खोकला झाला. "मुद्दा दुसरा. टीव्हीवाल्यांना मी फोन केलाय. शनिवारी दुपारी येताहेत. तुमच्या लिलावाला माणसं जमलेलीच असतील, बरंच झालं! मुद्दा तिसरा. मशीन चोख आहे असं हेमिश कॅमेऱ्यासमोर सांगणार. सकाळी तपासून जाणार आहे."

ती गेल्यावर चेत्ता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. टीव्ही. तिआर्ना. आणि त्या दोहोंच्या मध्ये, दोन वाजता, तिचं घर.

शनिवारी सकाळी हेमिश आला, त्याच्या मागे ग्लेनिस, केस नीट बसवून, लिपस्टिक लावून. त्याने सॉरी म्हणत मादोन्नाला उचलून चेत्ताच्या हातात दिलं. कोनाड्यात डोकं घातलं. मग बोट कमानीच्या आतल्या बाजूने फिरवलं आणि बाहेर काढून त्याच्याकडे बघत राहिला. आकाशी कमान वरून कोळशासारखी झाली होती.

"मिसेस ग्रिश्टी, म्हणजे… या बाई इथे कधीपासून उभ्या आहेत?"

"कार्मेलच्या सणापासून. जुलै."

"आणि मेणबत्ती?"

"तेव्हापासूनच. रोज. आठ वाजता, ट्रक थांबले की."

हेमिशचे कान लाल झाले. "सॉरी. म्हणजे मेणबत्तीची काजळी आणि डिझेलची काजळी, मशीनला दोन्ही काळंच दिसतं हो. आणि ज्योत बरोबर नळीखाली. सिगारेटचं सांगितलं होतं मी, मांसाचं सांगितलं होतं, पण हे… हे कुणाच्या डोक्यातच येणार नाही."

ग्लेनिस पायरीवर बसली. "मुद्दा…" ती म्हणाली आणि थांबली. ट्रक गेला तरी पुढचा शब्द आला नाही. मग तिने फोन काढला आणि टीव्हीवाल्यांना, एकाही मुद्द्याशिवाय, येऊ नका म्हणून सांगितलं.

"मी तुला तोंडघशी पाडलं," चेत्ता म्हणाली.

"तू प्रार्थना करत होतीस," ग्लेनिस म्हणाली. "मी चवड्यांवर चालत होते. टीव्हीवर चालले असते मी, चेत्ता."

हेमिशने आधी दोनदा खाकरून मग सांगितलं. जुलैपासूनचं सगळं टाकून द्यावं लागणार. या घराचं वर्ष तुटलं. आता एक तर मेणबत्तीशिवाय पहिल्यापासून नवं वर्ष सुरू करायचं, नाहीतर हे घर अभ्यासातून वगळायचं. वगळलं तर नकाशावर इथे काहीच येणार नाही. लाल नाही, हिरवा नाही, ठिपकाच नाही.

"काढ," चेत्ता म्हणाली.

"म्हणजे, विचार करून…"

"काढ म्हटलं ना, बाळा. आत्ता."

हेमिशने तार उपटली. इतके महिने चाललेली गुणगुण बंद पडली तसं वेंझूने चमकून आजूबाजूला बघितलं. हेमिशच्या गाडीत इतर सामान भरलेलं होतं, म्हणून सोमवारी नेतो म्हणाला आणि पेटी धुण्याच्या खोलीत ठेवून गेला. ग्लेनिस उठली, स्कर्ट झटकला आणि रस्ता ओलांडून गेली.

चेत्ताला वाटलं, आता मोकळं मोकळं वाटेल. वाटलं नाही, पण ते बघायला वेळ नव्हता. लॉकलन आला, फुलं घेऊन, दात घेऊन. "पेटी गेली? लव्हली! आणि खरं सांगू का? बाबांना जरा कॉफीला नाही का पाठवता येणार? म्हणजे, आवाज…"

"कॉफीच्या दुकानापर्यंत पोचेल का तो?" चेत्ता म्हणाली. वेंझूला त्यांनी परसातल्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसवलं. दार ओढून घेतलं. मांडीवर पास्तीत्सीची, माल्टीज पॅटिसांची, बशी दिली, तोंड भरलेलं असावं म्हणून.

दोन वाजता फुटपाथवर माणसं जमली. निम्मे शेजारी, फुकटची करमणूक बघायला आलेले, हातात कॉफीचे कागदी पेले. रस्ता खरंच चर्चच्या पायरीसारखा शांत. लॉकलन बागेच्या भिंतीवर चढला आणि कागदाची सुरळी फिरवू लागला.

"बघा, बायांनो आणि बाप्यांनो, ऐका! काय ऐकू येतंय? काही नाही! हीच या रस्त्याची किंमत! कोण सुरुवात करतंय? टोपीवाले साहेब! लव्हली! आणि इकडे, होणारे बाबा! वा! साहेब, बाबा पुढे गेले. साहेब? साहेब बायकोकडे बघताहेत. बायको आकाशाकडे बघतेय. पहिल्यांदा म्हणतोय हं मी… पहिल्यांदा…"

टोपीवाला गळाला. उरले तिआर्नाचा नवरा आणि लॉकलनच्या मनातला आकडा, आणि त्या दोघांत थोडंसंच अंतर. अशा वेळी दलाल लिलाव घडीभर थांबवतो. लॉकलन उडी मारून उतरला आणि तिआर्नाच्या नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला झाडाखाली घेऊन गेला. तिआर्ना आत आली. तिला पाणी हवं होतं.

चेत्ताने ग्लास भरून दिला. तिआर्ना स्टुलावर बसून घटाघट प्यायली. "मला भीती वाटतेय," ती हसत म्हणाली. "त्याला म्हटलंय, लागेल तेवढं बोल. मला हेच हवंय."

तेवढ्यात शेडमधून सुरू झालं. दार ओढलेलं असलं तरी फळ्याच त्या. सुरुवात, मग मध्य, मग लांब ओढलेला, कोरडा, कुणीतरी रिकामी पिशवी पिळावी तसा श्वास.

तिआर्नाने ग्लास खाली ठेवला. "तुमचे मिस्टर?"

"हो."

"बाई गं. माझे बाबा असेच खोकायचे." तिने डोळे बारीक करून, आपुलकीने विचारलं, "सिगारेट ना? खूप ओढायचे?"

नुसती मान हलवायची होती. पोरगीने उत्तरसुद्धा स्वतःच आणून हातात ठेवलं होतं. चेत्ताने तोंडात आलेला शब्द धरून ठेवला, ट्रक जाऊ द्यावा तसा. पण रस्ता रिकामा होता. बाहेर लॉकलन हसत होता. तिआर्ना वाट बघत होती, एक हात पोटावर ठेवून.

"नाही," चेत्ता म्हणाली. "आयुष्यात एक नाही ओढली."

"मग?"

चेत्ताने सिंकमधलं सकाळचं फडकं उचललं आणि तिच्यापुढे धरलं. "हे आजचं. सोमवारी सकाळी सहाला ये, आणि तुझा पाळणा जिथे बसतो तिथे उभी राहा. मग काय बोलायचं ते बोल."

तिआर्ना फडक्याकडे बघत बसली. मग उठली, थँक यू म्हणाली आणि बाहेर गेली. खिडकीतून चेत्ताला दिसलं. पोरगी नवऱ्याच्या कानाशी लागली, त्याने एकदा घराकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे, आणि दोन्ही हात खिशात घातले. लॉकलनने पुन्हा भिंतीवर चढून पहिल्यांदा म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज बागेच्या नळासारखा बारीक झाला. त्याच्या मनातला आकडा आलाच नाही. घर न विकताच माणसं कॉफीचे पेले चुरगाळत पांगली.

लॉकलन आत आला. "चेत्ता, काय सांगितलंत तिला? खरं सांगू का…"

"तू नको सांगू," चेत्ता म्हणाली. "मी सांगून बसलेय."

वेंझूला शेडमधून आणून तिने स्वयंपाकघरात बसवलं आणि झालं ते सांगितलं.

"एकदा हो म्हणायचं होतंस," तो म्हणाला. "मला बोलवायचंस. दोन पाकिटं रोज, म्हणून सांगितलं असतं मी."

"तिचं पोट बघितलंस?"

"बघितलं." त्याने मांडीवरचे पास्तीत्सीचे कण झटकले. "मग आता?"

"आता रविवारी येणारा प्रत्येक जण मला विचारणार, हा का खोकतो. खोटं सांगता येणार नाही हे आज कळलं. आणि खरं सांगून हे घर कोण घेतंय? ट्रक गेल्याशिवाय कुणी नाही. आणि ट्रक आकड्याशिवाय जात नाहीत."

"मग?"

"तू रोमिनाकडे जायचंस. शिवणाच्या खोलीत."

"तिथे एक माणूस झोपेल एवढीच खाट आहे."

"म्हणूनच 'तू' म्हटलं मी, 'आपण' नाही."

वेंझू भडकला. श्वास नसताना भडकायचं म्हणजे डोळ्यांनीच. "मी नाही जात. तुला ठेवून? डबे कोण उघडणार तुझे? बल्ब कोण बदलणार? हे घर माझंही आहे."

"तुझंच आहे. म्हणून तर सोडून जा. मला तू तिकडे हवायस आणि जिवंत हवायस. इथे बसवून मला तुझं काय करायचंय, बल्ब?"

रविवारी दुपारी जावई गाडी घेऊन आला. वेंझूने दोनच शर्ट भरले. आठवड्यात परत येतो, असं तो गाडीत बसेपर्यंत सांगत होता. चेत्ताने सीटबेल्ट लावून दिला, खिशात पंप आहे ना ते चाचपलं, आणि गाडी वळेपर्यंत फाटकात उभी राहिली.

सोमवारी सहाला ट्रक सुरू झाले. नऊला हेमिश पेटी न्यायला आला तेव्हा चेत्ताने कोनाडा पुसून ठेवला होता आणि मादोन्ना आत, फ्रिजवर, उभी होती.

"लाव परत," चेत्ता म्हणाली.

"म्हणजे… पहिल्यापासून? पूर्ण वर्ष लागेल, मिसेस ग्रिश्टी. वीज जाता कामा नये. अधूनमधून नळी बघावी लागते. घरात कुणीतरी लागेल कायम."

"मी आहे ना. मी कुठे जाणार?"

हेमिशने तार खोचली. गुणगुण सुरू झाली. समोरच्या घराचा पडदा हलला आणि तसाच उघडा राहिला. ग्लेनिस काचेमागे उभी होती. तिने हात केला नाही, चेत्तानेही केला नाही. दोघी पेटीकडे बघत होत्या.

संध्याकाळी वेंझूचा फोन आला. इथे परसात बदकं येतात म्हणाला. जेवण आळणी असतं म्हणाला. काल आडवा होऊन झोपलो, हे मात्र त्याने सगळ्यात शेवटी, चोरी केल्यासारखं सांगितलं.

"पूर्ण आडवा?"

"पूर्ण. तू कधी येतेस?"

"वर्ष भरलं की."

"ते नोव्हेंबरात भरतंय ना?"

"ते गेलं, वेंझू. नवं धरायचं."

"कधीपासून?"

"आज सकाळपासून."

पलीकडे बराच वेळ नुसता त्याचा श्वास ऐकू येत राहिला, आत, बाहेर, आत, बाहेर, कुठेही न अडकता. चेत्ताने फोन कानाशी घट्ट दाबून धरला.

"मग माझे गरम कपडे पाठवून दे," वेंझू म्हणाला.